वाकड्या कळीचा साचा

मंगळवार, संध्याकाळ

मंडईजवळच्या दुकानात आज आमचाच मोदकाचा साचा विकायला ठेवलेला दिसला. आईने शाडूचा मोदक करून दिला होता, त्यावरून चीनच्या कारखान्याला बनवायला सांगितलेला. आईच्या अंगठ्याने वाकडी झालेली ती एक कळीसुद्धा तशीच. आणि माझी भागीदार नीलम महिनाभर सांगतेय, तो कारखानाच बंद पडला!

दुकानदार म्हणाला, "नीलममॅडमनी आणून दिलाय. घ्यायचा तर घ्या, उगाच हाताळू नका."

घेतला. का घेतला?

घरी आईने त्या वाकड्या कळीवरून बोट फिरवलं. "अगं, आला की आपला साचा! आधी नीलमला फोन कर. किती खटपट केली पोरीने."