वाचलेल्या फांद्या

प्रिय सूनबाई,

तुझी झाडं जगली, हे आधी सांगते. सगळी नाही. तू गेलीस त्या दुपारी त्यानं गॅलरीतल्या कुंड्या एकेक करून फरशीवर आपटल्या. तो बाहेर पडल्यावर मातीतून ज्या फांद्या हाती लागल्या, त्या पिशवीत भरून मी खालच्या शिंपीणबाईंकडे नेल्या. तू कलमं करायचीस तेव्हा मी शेजारी बसून नुसती बडबडायचे, तरी बघून बघून डोक्यात राहिलं होतं. पेराखाली तिरका काप द्यायचा, खालची पानं काढायची, पाण्यात पान बुडू द्यायचं नाही. मनीप्लांटनं लगेच पांढरी मुळं सोडली. कोलियस मात्र सडला. देठ ठेचला होता गं, पाणी बदलून काय होणार! लाल बिगोनियाचं एकच पान शाबूत होतं, ते ओल्या वाळूवर टेकवलं. शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, पानाला कुठं झाड येतंय?" आता तिथं नखाएवढी पानं फुटलीत आणि बाई गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून दाखवतात.

"आई, तुझे कपडे इतके उसवतात कसे?" असं त्यानं परवा मला विचारलं. मीच बसल्या बसल्या शिवण उसवते आणि खाली जाते. तेवढाच वेळ बरा जातो. तू होतीस तोवर तो तुझ्यावर ओरडायचा, आता मीच उरले. डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे. डॉक्टरांना पाय घसरला म्हणून सांगितलं. शिंपीणबाईंना मात्र खरं सांगितलं. त्या म्हणतात, इथंच राहायला या. पण पोटचा पोरगा आहे, पाय निघत नाही.

काल तो तुझ्या भावाशी फोनवर बोलत होता. आवाज इतका मऊ, की क्षणभर मलाच वाटलं, सुधारला. आई अंथरुणाला खिळलीय, सारखी हिची आठवण काढते, एकदाच भेटायला पाठवा, असं सांगत होता. मी तेव्हा त्याच्या मागेच, एका हातानं भांडी घासत उभी होते. म्हणून हे पत्र. मी आजारी नाही. जेवते, चालते, जिने उतरते. तुझा माझ्यावर जीव आहे, तू धावत येशील, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. येऊ नकोस. मी गेले असा निरोप आला तरी येऊ नकोस. खरंच गेले असले तरीसुद्धा.

तुझीच,
आई