उजवीकडची काकडी

३ फेब्रुवारी २००९, धैद
काल अरबाबने दुसऱ्या ग्रीनहाऊसमधली काकडी स्वतः कोयत्याने तोडली! मालकाला इथे अरबाबच म्हणतात. केवडा रोग पडला होता — पानं पिवळी, खाली काळपट बुरशी. वेल असे ओढत होता की वरच्या तारा तुटून अंगावर आल्या. मंदीत आमची काकडी घेणारी दुबईची हॉटेलं थंडावल्यापासून डोकं फिरलंय त्याचं. आता एकच ग्रीनहाऊस उरलंय आणि आम्ही तिघं : मी, मुकादम लियाकत, जहूर. "यह भी गया तो खलास! सबका टिकट," अरबाब म्हणाला. म्हणजे सगळ्यांची घरी रवानगी. मला त्रेसष्टावं लागलं. परत व्हिसा कोण देणार?

५ फेब्रुवारी
चारुदत्त साहेब शारजाहून आले. शेतीचं शिकलेले, पुण्याचे, अरबाबला सल्ला देतात. एक पांढरा डबा आणला. आत साखर! "काका, ही दुर्मिळ साखर. एखाद्या फळात चिमूटभर सापडते. बुरशीला ही पचत नाही, तिची वाढच थांबते." चाखली. गोडच की!
डावीकडच्या रांगांवर मी साखरेचं पाणी मारायचं, उजवीकडे जहूरने नुसतं पाणी. हॉटेलवाल्यांना विषाशिवायची काकडी हवी. साखरेचा गुण दिसला तर शेत राहील, नाहीतर बंद. उजवीकडे नुसतं पाणी का, विचारलं. "फरक दिसायला नको?" कळल्यासारखी मान हलवली.

१२ फेब्रुवारी
उजवीकडे पिवळे डाग! डावीकडे एक नाही. डबा भरलेला आणि अर्धं पीक मरू द्यायचं? हे कसलं शिक्षण! जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. उजवीकडच्या सगळ्या रांगांवर साखर मारली. कुणी पाहिलं नाही.

२० फेब्रुवारी
आजही मारली. नवी पानं स्वच्छ.

२२ फेब्रुवारी
साहेब आले. दोन्ही बाजू हिरव्यागार. मला वाटलं, पाठ थोपटतील. त्यांचा चेहराच उतरला. "दोन्ही सारखी? मग साखरेने काय केलं? हवा बदलली, रोग आपोआप गेला." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. फरक मीच पुसून टाकला होता!
अरबाबने बादलीला लाथ घातली. "खलास!" साहेबांना घेऊन निघून गेला.
मग लियाकतने डबा उचलला. अर्ध्याहून कमी! "चाय में चार चम्मच कौन डालता है? बोल!" चार चमचे घालतो जहूर, सगळ्यांना माहीत आहे. फवारणीची पितळी नळी घेऊन लियाकत त्याला मारत सुटला. पाठीवर, डोक्यावर, तोंडावर. पानांवर रक्त उडालं. जहूर खाली पडला तरी थांबेना. जहूर एक शब्द बोलला नाही.
मी बादली धरून उभा होतो. नुसता उभा.

२३ फेब्रुवारी
जहूरचा डोळा बंद झालाय, लिंबाएवढा सुजलाय. डाक्टरकडे नेऊ म्हटलं तर लियाकत अंगावर आला. "डाक्टर पुलिस को बोलेगा. मेरे बदले तू जाएगा जेल में, चाचा?" गप्प बसलो. देवा, मी गप्प बसलो!

२४ फेब्रुवारी
बर्फ लावत होतो. जहूर हळूच म्हणाला, "काका, उस जुम्मे को मुझे बुखार था. मस्जिद नहीं गया."
बर्फ हातातून पडला.
"फिर बोला क्यों नहीं, गधे?"
"एक डंडे में आप मर जाते. मैं तो जवान हूँ."
साहेबांना फोन लावला. सगळं ओकलो. त्यांनी आईवरून शिवी हासडली — इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग एकदम ओरडले, "म्हणजे दोन्हीकडे साखर होती? दोन्हीकडे! अहो काका, म्हणजे चालतंय हे!" हसतच सुटले.
"साहेब, आधी गाडी पाठवा. जहूरला दवाखान्यात न्यायचंय," मी किंचाळलो.

७ एप्रिल
साहेबांनी अरबाबला राजी केलं, काकडी पुन्हा लावून पाहिली. या वेळी उजवीकडे हात लावला नाही. उजवी बाजू सगळी कुजली, डावी हिरवी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, अरबाबने मला मिठी मारली. शेत राहिलं.
जहूर माझ्या शेजारीच होता. डावी बाजू बघायला त्याला पूर्ण मान वळवावी लागली. दोन दिवस आधी आणलं असतं तर डोळा वाचला असता, डाक्टर म्हणाला.