माधवचा हात

आलापल्ली, चैत्रातला सोमवार, १९५६

आज लाकूड डेपोचे सायब सगळ्यांपुढं बोलले, "गाडीचं आता माधवले विचारत जा." अन् मी? अकरा वर्षं मिस्त्री हाओ इथला!

आठ दिवस लाकडाचा ट्रक उकळून राह्यला. मी रेडिएटरवर ओलं गोणपाट बांधलं, दर नाल्यावर पाणी टाकलं. काल वडश्यावरून आलेल्या नव्या पोरानं, या माधवनं, रेडिएटरच्या वरच्या नळीवर नुसता हात ठेवला. "भाऊ, इंजिन एवढं तापलं, मंग हे नळी थंडी काऊन?" म्हणजे तापलेलं पाणी रेडिएटरात येतच नव्हतं, अन् मी थंड्या रेडिएटरलेच गोणपाट बांधत होतो!

पाणी तापलं की आपोआप उघडते ती पितळी झडप त्यानं काढली, चहाच्या गंजात पाणी घेऊन उकळली. उघडली नाई. दुसरी बसवली, तर गरमीचा काटा मधातच थांबला, वर चढला नाई. नुसता हात ठेवला त्यानं. मले काऊन नाई सुचलं?

जुनी झडप खिशात घालून घरी आणली. चुलीवर तीनदा उकळली. उघडली असती तर उद्या सायबाले दाखवली असती, का झडपेत खोट नव्हतीच.

बायको म्हणे, "काय शिजवून राह्यले? भात कवा टाकू?"

काय सांगू तिले? मी चुलीपुढं हात जोडून बसलो होतो, एकदा तरी उघड म्हणून.