माझा न दुखणारा पाय

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारणही तसंच घडलंय. संध्याकाळी बूट काढला तर मोजा रक्ताने चिकटलेला! वर्गातल्या मज्जासंस्थेच्या तक्त्याची पिन उजव्या तळव्यात रुतली होती. लेक्चर्स, जिने, भाजी आणणं, दिवसभर सगळं तिच्यावर उभं राहून केलं आणि मला पत्ता नाही. नर्सिंगच्या पोरींना वर्षानुवर्षं वेदना शिकवतोय. आज मी ती जिंकली.

बायको म्हणाली, अहो, शुगर तपासून घ्या, मामंजींचा पाय असाच गेला. म्हटलं, बाबा मुळातच भित्रे होते.

५ जानेवारी
वर्गात प्रात्यक्षिक. पाय टेबलावर ठेवला, पिन टोचून घेतली. ढिम्म! माझ्या मेंदूने मज्जारज्जूला गप्प बसवलंय, हे समजावून सांगितलं. पहिल्या बाकावरची रडायला लागली. ॲड्रेनलिन जास्त, दुसरं काय. पोरी पाठीमागे मला ‘मज्जारज्जू’ म्हणतात. आदर आहे तो.

१० जानेवारी
तहान फार लागते. लघवीला सारखं जावं लागतं. म्हणजे किडन्या जोमात आहेत. डाएट न करता वजनही उतरतंय. हार्मोन्स एकदम टॉप.

बायकोने शुगर तपासायचं मशीन आणलं. बोटाला सुई लावू दिली नाही. बोटाला अजून दुखतं.

संकल्प: या महिन्यात बोटंही जिंकायची.

१९ जानेवारी
स्टाफरूममध्ये उंदीर मेलाय. भयंकर वास. शिपायाला सगळी कपाटं सरकवायला लावली. म्हणाला, सर, कुठे काही नाही. कामचोर!

२० जानेवारी
उंदीर वर्गातही मेलाय. बसमध्येही. घरी सोफ्याखाली तर नक्कीच. नगरपालिकेला फोन करून झापलं. बायको माझ्या बुटांकडे बघत होती. म्हणाली, जरा काढा. म्हटलं, लोकांसमोर शोभत नाही. घरात आम्ही दोघंच होतो, पण शिस्त म्हणजे शिस्त.

२४ जानेवारी
वास गेला! माझ्या फोनचा परिणाम. योगायोगाने आज घ्राणेंद्रियच शिकवलं. एकच वास सतत आला की नाकाला सवय होते, मेंदू दखल घेणं सोडून देतो. विषय छान रंगला. पोरी मात्र एवढ्या थंडीत सगळ्या खिडक्या उघडून मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या होत्या.

२७ जानेवारी
प्राचार्या बाईंनी हक्काची रजा घ्या म्हणून सांगितलं. नाकाला रुमाल होता. सर्दी झाली असावी. खरं म्हणजे जळतात माझ्यावर.

घरी बायकोने जबरदस्तीने मोजा ओढला. अंगठा काळा. म्हटलं, बूटपॉलिश उतरलंय. ती ओक्साबोक्शी रडली. हिचा गुडघा दुखला तरी ही रडते. नर्व्हज कच्च्या. मी तिला तसं सांगितलंही, म्हणजे पुढच्या वेळी सावरेल.

पॉलिश घासून बघितलं. निघत नाही. चांगल्या कंपनीचं आहे.

३० जानेवारी
हॉस्पिटल. सर्जन अगदीच पोरगेला. म्हणाला, पाय सडलाय, गुडघ्याखालून काढावा लागेल. पिन लागली त्याच दिवशी आला असता तर ड्रेसिंग आणि गोळ्यांवर भागलं असतं. मी विचारलं, तुला मज्जासंस्था कोणी शिकवली? तो शुगरचा आकडा बायकोला दाखवू लागला. कागदावर सही केली, पण ती फक्त तपासणीसाठी, असं मनात पक्कं धरून.

सही वाकडी आली. एसी फार होता.

२ फेब्रुवारी
शुद्धीवर आलो. उजव्या पायाचा अंगठा ठणकतोय! असा ठणका की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे नर्व्ह जिवंत आहे, पाय जाग्यावर आहे, आणि सर्जन मूर्ख आहे. हे मी सगळ्या वॉर्डला ओरडून सांगितलं. कोणी माझ्याकडे बघेना. नर्सने सलाईन नीट केलं आणि खाली मान घालून गेली.

दुपारी ठणका सहन होईना. कबूल करतो, घाबरलो. बायकोला म्हटलं, अंगठा फार दुखतोय गं, जरा दाबून दे. ती उठली. पायथ्याशी जाऊन बसली आणि उजवीकडे चादर सपाट होती तिथे दोन्ही हातांनी दाबत राहिली.

म्हटलं, जोरात दाब. काही कळतच नाहीये.