स्लॅबखालून मोजलेला बीम

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल असं धरून लिहिते. आम्हीही ठीक आहोत.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर तू "हं, बोल" म्हणतोस, मी हवेचं विचारते, तू "आहे तशीच आहे" म्हणतोस आणि फोन वहिनीच्या हातात जातो. दीड वर्ष हेच चाललंय. पत्र निदान मधेच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

घरचं सांगण्यासारखं थोडंच आहे. लेक कॉलेजात जायला लागली. घरी आली की खोलीचं दार लावून घेते. ह्यांची बदली टळली, त्याचा त्यांना आनंद झाला की नाही ते मला कळलं नाही. मीही विचारलं नाही.

ऑफिसात आता इमारतीला लागणारं सामान नकाशावर हाताने मोजणारं कोणी उरलं नाही. सगळं मॉडेलवर चालतं. नकाशाऐवजी आख्खी इमारतच संगणकात उभी करायची. तिथली भिंत म्हणजे नुसत्या दोन रेघा नसतात; तिला जाडी असते, विटा असतात, दोन्ही बाजूंचं प्लास्टर असतं. खिडकी हातभर सरकवली की सगळ्यांचे आकडे आपोआप बदलतात. आपल्याला ज्या एस्टिमेटला पंधरा दिवस लागायचे ते तीन दिवसांत बाहेर पडतं. चांगलं आहे. हे मी मनापासून लिहिते आहे, तुला टोचावं म्हणून नाही.

मला काचेची खोली दिली आहे. आत बसलं की बाहेरच्यांचे ओठ हलताना दिसतात. दारावर 'मॉडेल विभाग प्रमुख' अशी पाटी आहे आणि विभागात माझ्यासकट तीन माणसं. तुझं टेबल अजून खिडकीशीच आहे. त्यावर प्रिंटर ठेवलाय.

धाकटे साहेब परवा म्हणाले, "तुमच्या दादांना विचारा, येतात का शिकायला. दोन महिन्यांत जमेल त्यांना." (पन्नाशी उलटली, मोठे साहेब जाऊन बारा वर्षं झाली, तरी हे धाकटेच.) मी म्हटलं, विचारते. तर विचारते आहे.

शाळेची इमारत पूर्ण झाली. गेल्या आठवड्यात आतून हिंडून आले. जिने रुंद आहेत, उजेड चांगला येतो. तिच्याबद्दल आणखी काही लिहायचं होतं. राहू दे.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी


३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं उत्तर पोचलं. चार ओळींचं असलं तरी अक्षर तसंच आहे, छापल्यासारखं.

तू लिहितोस: "शिकायला येणार नाही. डोळे तपासून घेतले, त्यात काही निघालं नाही. म्हणजे दोष डोक्यात असणार. पुढच्या आठवड्यात त्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तू काळजी करू नकोस."

त्याच दिवशी वहिनीचा फोन आला. तू नळ बंद करतोस आणि परत बघायला तिला पाठवतोस, असं ती म्हणाली. भिंतीतल्या कपाटाच्या फळीचं माप तू घेतलंस आणि तिला म्हणालास, "तूही एकदा मोज. माझ्या मापावर सुताराला लाकूड कापू देऊ नकोस." हे सांगताना ती हसली. "तीस वर्षं मला टेप धरायला लावायचे आणि आकडा वाचू द्यायचे नाहीत. आता मीच इंजिनीअर."

म्हणून शाळेचं लिहिते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहिते, म्हणजे मला मधलं काही गाळता येणार नाही.

धाकट्या साहेबांनी मॉडेल घ्यायचं ठरवण्याआधी एक परीक्षा लावली. एकच इमारत, चार मजली शाळा. तू नेहमीसारखं नकाशावर मोजायचं, मी तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन आले होते, मी मॉडेल उभं करायचं. दोघांनी एकमेकांचे कागद बघायचे नाहीत. तू मोजत होतास तेव्हा मी रोज तुझ्या टेबलाजवळून जात होते. एवढा वाकून बसायचास की ऑफिसने तुला 'दुर्बीण' का म्हणायचं ते नव्या माणसालाही कळावं. कॉलम मोजला की तांबडी पेन्सिल, बीम मोजला की निळी, स्लॅब पिवळा. रंगलं ते पुन्हा मोजायचं नाही. मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतंस.

तुझं काँक्रीट बाराशे चाळीस घनमीटर निघालं. मॉडेलचं तेराशे अठरा.

अठ्ठ्याहत्तरचा फरक. मीटिंगमध्ये धाकट्या साहेबांनी तिथेच भागाकार केला. "सहा घनमीटरची एक गाडी. म्हणजे तेरा गाड्या काँक्रीट आपल्या दुर्बिणीतून दिसलंच नाही." सगळे हसले. तूही हसलास. मग म्हणालास, "असेल. चष्मा बदलायला हवा." साहेबांनी तुला काढलं नाही. साइटवरच्या कोठारात सिमेंटच्या गोण्या मोजायला जा म्हणाले. आठ दिवसांनी तू राजीनामा दिलास आणि मला बसस्टॉपवर सांगितलंस, बस दिसायला लागल्यावर.

दादा, चूक मॉडेलमध्ये होती.

बीम स्लॅबच्या खाली लोंबतो, पण त्याचा वरचा भाग स्लॅबमध्येच असतो. तिथलं काँक्रीट एकच. म्हणून तू बीमची उंची नेहमी स्लॅबखालून धरतोस. मॉडेलमध्ये बीम आणि स्लॅब एकमेकांना जोडावे लागतात. तसं केलं नाही तर तो सामाईक भाग दोघेही आपापला म्हणून सांगतात आणि दोनदा मोजला जातो. पडद्यावर काहीच दिसत नाही. दोन्ही करडे, मधे रेघसुद्धा नाही. तिथे निळी आणि पिवळी पेन्सिल नसते.

मी पहिल्या मजल्यावर जोडलं होतं. वरचे मजले पहिल्याच्या प्रतीवरून उतरवले, आणि ती प्रत जोडण्याआधीची होती.

शाळेला प्रत्यक्षात बाराशे एक्कावन्न घनमीटर लागलं, सांडलेलं धरून. साइटवरच्या इंजिनीअरने आकडा कळवला तेव्हा धाकटे साहेब म्हणाले, "बघा, मॉडेलपेक्षा कमीत बसवलं. शाबास." कोणी तुझा कागद काढून बघितला नाही.

मला हे बांधकाम अर्ध्यावर आल्यावर कळलं. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं.

तुझ्या डोक्यात दोष नाही. डॉक्टरांकडे जायचं असेल तर जा, पण हा कागद घेऊन जा. सुताराला तुझंच माप दे.

तुझी,
धाकटी


२२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी आलं. पाठपोट लिहिलेली दोन पानं. एवढं तू मला कधी लिहिलं नव्हतंस.

डॉक्टरांची वेळ रद्द केलीस, कपाटाची फळी अचूक बसली, मागच्या गल्लीतल्या ठेकेदाराने दोन बंगल्यांची मोजमापं तुझ्याकडे दिली, हे सगळं वाचलं. वहिनीने खाली वेगळ्या शाईत लिहिलंय, "माझी इंजिनिअरकी गेली. बरं झालं, पगार नव्हताच." तू नव्या पेन्सिली आणल्यास तेही तिनेच कळवलं.

आणि दुसऱ्या पानावर तू लिहितोस: "उशिरा कळलं यात तुझा काय दोष? नवीन काम, नवीन यंत्र. त्या मीटिंगच्या वेळी तुला माहीत असतं तर तू गप्प बसली नसतीस. तेवढं मी तुला ओळखतो."

ही ओळ मी किती वेळा वाचली ते लिहीत नाही. मला रडू आलं असं लिहिता आलं असतं, पण आलं नाही. पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं, ऑफिसला गेले, एका दवाखान्याचं एस्टिमेट पूर्ण केलं, जेवले. काहीच वाटत नव्हतं. फक्त पर्स उचलताना दरवेळी आत पत्र आहे हे कळत होतं.

मी डायरी लिहिते हे तुला माहीत आहे. आज त्या मीटिंगच्या दिवसाचं पान काढलं. मला वाटलं होतं, बरंच काही लिहिलं असेल. दोनच वाक्यं आहेत. "दादाने विचारलं. हो म्हटलं."

तुला आठवतं का ते मला माहीत नाही. गाड्यांचा विनोद होऊन गेल्यावर, चष्म्याचं म्हणण्याच्या आधी, तू माझ्याकडे वळून हळूच विचारलंस, "बीम स्लॅबखालून धरलेस ना गं?"

त्या क्षणी मला ती प्रत आठवली. नंतर नाही, बांधकाम अर्ध्यावर आल्यावर नाही. तू 'स्लॅबखालून' हा शब्द उच्चारलास तेव्हाच. वरचे मजले जोडायचे राहिलेत, हे मला तितकंच स्पष्ट दिसलं जितकी समोरची पाण्याची बाटली दिसत होती. फरक कितीचा पडेल याचाही साधारण अंदाज आला. मी म्हटलं, "हो."

तू मान हलवलीस. तुला माझं 'हो' पुरलं. माझ्या शब्दावर तू स्वतःचा आकडा सोडून दिलास.

गेल्या पत्रात मी हे मुद्दाम फिरवून लिहिलं. लिहिताना अडखळलेही नाही. कच्चं लिहून पक्कं केलं, आणि दोन्हींमध्ये खोटं एकाच जागी होतं.

का केलं, ते शोधते आहे. प्रमुखपद मिळावं म्हणून, असं म्हटलं तर लोकांना पटेल, पण तेव्हा पदाचं नावही कोणी काढलं नव्हतं. मॉडेल गुंडाळून ठेवतील ही भीती होती, ती खरी. पण त्याहून आधी दुसरं काहीतरी होतं. वीस वर्षं माझा प्रत्येक कागद तुझ्याकडून तपासून जात होता. तू कधी रागावला नाहीस. चुकीपाशी पेन्सिलीने बारीक टिंब करायचास आणि कागद परत द्यायचास. तो प्रश्न तू त्याच आवाजात विचारलास, टिंब करतानाच्या. सगळ्यांसमोर. मला तेवढ्यापुरतं तपासलं जायचं नव्हतं. एवढंच असेल कदाचित. हे कारण पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. अठ्ठ्याहत्तर घनमीटरसुद्धा यावर उभे राहणार नाहीत.

सोमवारी धाकट्या साहेबांना सांगितलं. तुझा कागद आणि मॉडेल शेजारी ठेवून, सगळं. 'हो'सुद्धा. ते ऐकत होते, मधेच फोन बघत होते. म्हणाले, "दीड वर्षापूर्वीचं ना? आता जोडता ना नीट? मग झालं तर." मी म्हटलं, दादा गेला त्यात. ते म्हणाले, "ते स्वतः गेले हो. आपण कुठे काढलं?" मी राजीनामा पुढे केला. त्यांनी तो पेपरवेटखाली ठेवला आणि म्हणाले, दवाखान्याचं काम संपेपर्यंत बघू. मी खोलीत येऊन बसले. बाहेर सगळ्यांचे ओठ हलत होते.

मीटिंगला होते त्या सगळ्यांना मी तुझा आकडा आणि साइटचा आकडा शेजारी शेजारी लिहून कळवलाय. एकाने उत्तर पाठवलं, अंगठ्याचं चित्र.

आता हे तुला का सांगते आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. तुला गरज नव्हती. तुझे हात पुन्हा चालायला लागलेत, घरात वहिनी हसते आहे, माझ्याबद्दल तू चांगलं धरून बसला आहेस. ते तसंच राहू दिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. मला मोकळं व्हायचंय म्हणून तुझ्यावर टाकते आहे का? असेलही. पण तू मला ओळखतोस असं लिहिलंस आणि ते मोजमाप चुकीचं आहे. एकदा तुझा बरोबर आकडा मी चुकीचा ठरू दिला. आता चुकीचा बरोबर म्हणून ठेवून घेता येत नाही.

तू माफ करशील, ही मला जास्त भीती आहे. तू लगेच लिहिशील, "जाऊ दे गं." कृपा करून लगेच लिहू नकोस. मीटिंगची ती पाच मिनिटं नीट आठवून बघ, तू कुठे बसला होतास, मी कुठे, तुझा आवाज, माझा. नंतर जे वाटेल ते लिही. किंवा लिहू नकोस. फोन केला तर मी हवेचं विचारणार नाही.

वहिनीला हे वाचायला दे. तिलाही मी दीड वर्ष फोनवर फसवलंय.

तू विचारलंस तेव्हा सगळं माहीत असलेली,
तुझी बहीण