लाल झाकणाची बाटली

१० जून
आले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, राहायला लॅबच्या वरचीच खोली. शौचाचे नमुने तपासायचे म्हटल्यावर आईनं नाक मुरडलं होतं. मुरडू दे. इथले थोरले तंत्रज्ञ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, अगदी देवमाणूस. माझी पाण्याची बाटलीसुद्धा स्वतः भरून ठेवतात.

१२ जून
इथली एक गंमत. सकाळी पहिली काचपट्टी लाल झाकणाच्या बाटलीतल्या नमुन्याची. त्यात जंतांची अंडी असतातच. ती दिसली म्हणजे मायक्रोस्कोप ठीक, माझे डोळेही ठीक. मग बाकीचं काम. नमुना ताजा लागतो. कुठून येतो विचारलं, तर दादा म्हणाले, घरचाच आहे. मी आपली हसले.

२ ऑगस्ट
लाल बाटली आली नाही. झाडणाऱ्या मावशींनी सांगितलं, माझ्या जागी आधी होती ती मुलगी काल गेली. पोटाचा कॅन्सर. बाटली तिचीच यायची, आजारपणातही. जंत झाले तेव्हा दादांनी तिला औषध घेऊ दिलं नाही; म्हणे, असा खात्रीचा नमुना पुन्हा मिळायचा नाही. तिच्या आधीचाही असाच गेला.
लॅबच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, जंतांनी कॅन्सर होतो का. म्हणाल्या, काही जंतांचा संबंध दिसतो, बाकीच्यांचं नक्की कुणालाच सांगता येत नाही. मनात पाल चुकचुकली. दादा मात्र निवांत. म्हणाले, नमुन्याची होईल सोय.

२० ऑगस्ट
पोट दुखतं. कपडे सैल झालेत. आज पाण्याच्या बाटलीचा तळ उजेडात धरला. गढूळ. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते हेच का? की माझंच डोकं फिरलंय?

२७ ऑगस्ट
गुपचूप स्वतःचा नमुना पाहिला. अंडी. रोज सकाळी पाहायचे तशीच. मला भीती वाटते आहे. जंतांच्या गोळ्या आणल्या, उशीखाली ठेवल्या.

२८ ऑगस्ट
गोळ्या नाहीत. खोलीची दुसरी किल्ली दादांकडे असते. आज त्यांनी मायेनं विचारलं, पोट कसं आहे. मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

२९ ऑगस्ट
बॅग भरली. दाराशी आतल्या बाजूला लाल झाकणाची बाटली — रिकामी, धुतलेली. दार ओढलं. बाहेरून कडी —
दादाच आहेत. म्हणताहेत, घाई नाही पोरी, सकाळपर्यंत भरून दे. आता तुला वर्षानुवर्षं हेच करायचंय.