टेम्पोची तारीख

चिरंजीव,

तुझा नवा टेम्पो आम्ही नेलाय. ताई चालवतेय. सूनबाईला बाळासकट दवाखान्यात नेतोय. बाळंत होऊन अकरा दिवस झाले, चार दिवस ती तापाने फणफणलीय, टाके चिघळलेत. सातव्या दिवशी तपासायला आणा, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद तू टेम्पोच्या सर्व्हिसिंगच्या कार्डाखाली खिळ्याला टोचून ठेवलास. कार्डावरची तारीख मात्र बरी पाळलीस! मी बोलले की तुझं ठरलेलं, "बाळंतिणीला एवढं होतंच." किती बाळंतपणं झाली रे तुझी?

स्वयंपाक केलेला नाही. चूल आहे, तुला हातही आहेत.

टेम्पोला ओरखडा पडला तर बोंबलू नकोस. गाडीला एवढं होतंच.

आई